दुसरी किल्ली कोणाकडे?

गेल्या वर्षी आमच्या एका मित्राला पक्षाघाताचा झटका आला. तो वाचला, पण वाचा गेली. घराचा हप्ता, विजेचं बिल, पुण्याच्या बँकेचा ओटीपी, सगळं त्याच्या बंद फोनात. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही आयटीतले, उघडून द्या ना!" मला जमलं नाही.

त्या रात्री मी आधी स्वतःची सोय लावली. तुम्हीही लावा. गूगलमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. खातं ठरावीक काळ, कमीत कमी ३ महिने, वापरलं नाही, की तुम्ही नेमलेल्या माणसाला निवडलेला डेटा मिळतो. ॲपलमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' नेमा. त्याच्याकडची ॲक्सेस की आणि मृत्यूचा दाखला दिला, की फोटो, फाइली मिळतात. साठवलेले पासवर्ड मात्र मिळत नाहीत.

मृत्युपत्रात दुसरं नाव असलं, तरी अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत या सेटिंगमधलंच नाव ग्राह्य धरतात. म्हणून दोन्हीकडे एकच नाव ठेवा.

पण माझा मित्र तर जिवंत होता! अशा वेळी कामी येते 'ड्युरेबल पॉवर ऑफ अटर्नी'. तिच्यात डिजिटल खात्यांचा आणि ईमेलमधल्या मजकुराचा स्पष्ट उल्लेख करायला वकिलांना सांगा. आणि ती धडधाकट असतानाच करावी लागते.

"शुभ बोल रे नाऱ्या," असं म्हणाल. म्हणा! पण आज जेवणं झाली, की दोघं फोन घेऊन बसा.