डोंगरातला कावळा



ज्ञानोबांची पालखी आषाढी वारीत आपल्या वेळापुरास मुक्कामाला येते. त्या ज्ञानदेवांनी विरहिणीच्या तोंडून कावळ्याला शकुन विचारला आहे. तेव्हा या गावात कावळ्यावर बोलण्यास मला संकोच वाटत नाही.

"कावळा तो कावळा, त्यात पाहावयाचे काय?" असे कोणी म्हणेल. पण आपल्याकडे कावळ्याच्या जाती दोन आहेत. राखी मानेचा, तो गावकावळा. चोचीपासून शेपटीपर्यंत काळाकुळकुळीत, पंखांवर निळसर झाक, जाड बाकदार चोच आणि घोगरा आवाज, तो डोमकावळा. पहिला सुमारे 17 इंच लांब, दुसरा 19 इंच. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1832 साली दख्खनमधील पक्ष्यांच्या यादीत डोमकावळ्याचे शास्त्रीय वर्णन दिले.

गावकावळ्याचा संसार माणसाच्या उंबरठ्याशी बांधलेला असतो. डोमकावळा गावातही येतो, पण त्याचे खरे घर म्हणजे सह्याद्रीचे रान. वाघाने झुडपात दडविलेली शिकार त्याच्या नजरेतून सुटत नाही. त्याच्या ओरडण्यावरून शिकारी माग काढीत.

याचे दूरचे पिवळ्या चोचीचे, तांबड्या पायांचे भाऊबंद हिमालयात राहतात. एव्हरेस्ट चढणाऱ्यांना ते 8,200 मीटरवर दिसले आहेत! तिथल्या विरळ हवेत अंड्यातील ओलावा झपाट्याने उडून जावयाचा. म्हणून त्यांच्या अंड्यांच्या कवचाला छिद्रेच कमी असतात. निसर्गाची ही काटकसर पाहिली की मन थक्क होते.

आता आपल्या घरचा प्रश्न. जनावरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅक या औषधाने गिधाडांचा संहार झाला. 2006 साली त्यावर बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. मेलेले ढोर साफ करणारे मोठे हात गेले, आणि कावळ्याच्या चोचीवरचे काम वाढले. त्याला घरटे बांधावयास मात्र उंच झाड हवे. आपण रस्त्याकाठचे वड-चिंच तोडतो आणि पितृपंधरवड्यात घास हाती घेऊन "काव, काव" म्हणत आभाळाकडे पाहतो. पिंडाला शिवावयास बोलवावयाचे आणि बसावयास फांदी ठेवावयाची नाही, हा कोणता पाहुणचार?

उद्या सकाळी अंगणातल्या कावळ्याची मान तेवढी पाहा. राखी आहे की काळी, एवढे ओळखलेत तरी माझे बोलणे सार्थकी लागले.