कलमाचं झाड कुठलं?



मी डहाणू तालुक्यातला चिकूचा बागायतदार. प्राथमिक शिक्षकांच्या या परिषदेचं स्वागताध्यक्षपद मी आनंदाने घेतलं ते तुमच्या विषयासाठी. लहान मुलांनी जगाच्या भवितव्याचा, न्याय-अन्यायाचा, आपल्या जगण्याचा विचार करावा, असं म्हणणारी माणसं आमच्या भूमीत येत आहेत, याचं मला फार अप्रूप आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. त्या कुरणशाळेच्या तालुक्यात आज आपण बसलो आहोत.

मागच्या पावसाळ्यात जवळच्या जिल्हा परिषद शाळेतली चौथीची मुलं बाईंबरोबर आमच्या वाडीत आली होती. मी त्यांना कलम कसं बांधतात ते दाखवत होतो. खिरणीचं रोप चिकूच्या फांदीशी बांधायचं आणि सांधा जुळला की फांदी मूळ झाडापासून वेगळी करायची. चिकू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा, खिरणी मात्र आपल्याच मातीतली. मोठ्या झाडाच्या बुंध्यावरचा सांधा बोटांनी चाचपत एका मुलीने विचारलं, "मग हे झाड इथलं का तिकडचं?"

मी उत्तर देणार तोच बाईंनी मला हाताने थांबवलं आणि मुलांना झाडाखाली गोल बसवलं. मुळं इथली, म्हणून झाड इथलं, असं एकाने सांगितलं. फळ तर तिकडचं आणि आपण झाड लावतो फळासाठी, असं दुसरीचं म्हणणं. ते पाणी इथलं पितं, मग इथलंच की, हे तिसऱ्याचं. तेवढ्यात मागे बसलेला एक मुलगा बोलला. त्याचं कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर कामाला जातं. तो म्हणाला, "आम्ही भट्टीवर जातो तेव्हा पाणी तिथलंच पितो. तरी तिथले लोक आम्हाला बाहेरचेच म्हणतात." बाईंनी शांतपणे विचारलं, "त्यांचं म्हणणं बरोबर आहे का? आणि का?" त्यानंतरची चर्चा मुलांनीच चालवली. सगळ्यांचं एकमत झालं नाही, पण प्रत्येकाला आपल्या म्हणण्याचं कारण द्यावं लागलं.

मॅथ्यू लिपमन या अमेरिकी तत्त्वज्ञाने हेच काम आयुष्यभर केलं. त्यांनी मुलांसाठी तत्त्वचिंतनाच्या कथा लिहिल्या आणि 1974 साली न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर इथे त्यासाठी संस्था उभारली. मुलांनी गोल बसून एक उतारा वाचायचा, त्यातून प्रश्न काढायचे, एक निवडायचा आणि एकमेकांचं ऐकत त्याचा पाठपुरावा करायचा. शिक्षकाने 'का?' विचारत राहायचं. याला ना महागडं साहित्य लागतं ना इंग्रजी माध्यम. ज्या वर्गात तीस-चाळीस मुलं आणि दोन इयत्ता एकत्र बसतात, तिथे हे कसं जमवायचं, त्यावर आपण या दोन दिवसांत मोकळेपणाने बोलावं. अडचण खरीच आहे.

शाश्वत विकासाचा विषय अशाच चर्चेचा आहे. त्याची 17 उद्दिष्टं संयुक्त राष्ट्रांनी 2015 साली स्वीकारली, मुदत 2030 ची. त्यांचे रंगीत तक्ते आता शाळांच्या भिंतींवर दिसतात. चित्रकला स्पर्धा होते, घोषणा दिल्या जातात आणि विषय संपतो. याची मला खंत वाटते. 1987 च्या ब्रुंटलँड अहवालाने सांगितलं की आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या गरजांना बाधा येऊ नये. चौथीतलं मूल लगेच विचारेल: जी माणसं अजून जन्मलीच नाहीत, त्यांना काय लागेल हे आपल्याला कसं कळणार? आणि गरज कुठे संपते, हौस कुठे सुरू होते? हे प्रश्न धोरण आखणाऱ्यांनाही सुटलेले नाहीत.

आमच्या मुलांना तर ते दारातच भेटतात. केंद्र सरकारने 1991 साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. याच तालुक्यात औष्णिक वीज केंद्र आहे आणि इथल्याच वाढवण बंदराची पायाभरणी 2024 च्या ऑगस्टमध्ये झाली. ज्या मच्छीमाराला आपला समुद्र जाईल अशी धास्ती आहे त्याचं मूल आणि ज्याला बंदरावर नोकरीची आशा आहे त्याचं मूल एकाच बाकावर बसतं. बंदराबद्दल माझं ठाम मत आहे. ते मी ग्रामसभेत मांडतो. वर्गात मात्र ते माझं किंवा शिक्षकांचं मत म्हणून मुलांवर लादलं जाऊ नये. समुद्र कोणाचा, ज्याचं नुकसान होतं त्याला विचारायचं कोणी, पैशाने कशाची भरपाई होते आणि कशाची होत नाही, याचा ऊहापोह त्या बाकावरच्या दोघांनी एकमेकांचं ऐकत करावा. उद्या हीच मुलं ग्रामसभेत बसणार आहेत.

आज दुपारच्या सत्रात तीच चौथीची मुलं आपल्यासमोर गोल बसतील. त्यांनी स्वतः निवडलेला प्रश्न आम्हालाही सांगितलेला नाही. सभागृहातून कोणी उत्तर पुरवू नये, एवढी विनंती आहे. आपली राहण्याची सोय कार्यकर्त्यांनी मनापासून केली आहे. काही उणं वाटलं तर हक्काने सांगा. जेवणानंतर ज्यांना वाडी पाहायची आहे त्यांना मी स्वतः घेऊन जाईन, सांधाही दाखवीन. आता उद्घाटकांनी दीपप्रज्वलन करावं, अशी मी त्यांना विनंती करतो.