मोबाइल चोरीला गेल्यानंतर

चोरीला गेलेल्या मोबाइलबरोबर तीन गोष्टी जातात. एक यंत्र, दुसरे त्यातले सिम कार्ड आणि तिसरी त्या यंत्रात उघडी राहिलेली खाती. यंत्राचे नुकसान त्याच्या किमतीएवढे असते आणि तिथेच थांबते. सिमचे आणि खात्यांचे तसे नाही. बँक, आधार, डिजिलॉकर, ई-मेल, गॅसची नोंदणी, साऱ्यांचे ओटीपी एकाच नंबरवर येतात आणि तो नंबर ज्याच्या हातात असेल त्यालाच या यंत्रणा मालक समजतात. म्हणून फोन गेल्याचे लक्षात आल्यावर नागपुरात सीताबर्डीच्या गर्दीत तासभर तो शोधत फिरण्यापेक्षा पहिला अर्धा तास नंबर आणि खाती वाचवण्यात घालवलेला बरा.

गर्दी जिथे, तिथे खिशावर हात पडतो. नागपुरात सीताबर्डीचा बाजार, गणेशपेठचे बसस्थानक, आठवडी बाजार, मारबतीची मिरवणूक, ‘आपली बस’च्या दारातली रेटारेटी या अशाच जागा. फोन उचलण्याआधी तो उघडायचा कसा हे पाहून ठेवणारेही असतात. तर्री-पोह्याच्या ठेल्यासमोर पैसे देणारा माणूस चार आकडे टाकून स्क्रीन उघडतो, क्यूआर कोड स्कॅन करतो, यूपीआय पिन म्हणून पुन्हा तेच चार आकडे टाकतो आणि फोन शर्टाच्या वरच्या खिशात सरकवून बसकडे धावतो. त्याच्या मागे उभ्या असलेल्याला दोन्ही कुलपांची किल्ली दहा सेकंदांत दिसलेली असते. स्क्रीनचा आकडा आणि यूपीआयचा पिन वेगळे ठेवले, तर या चोरीतले सगळ्यात मोठे नुकसान टळते.

फोन कुलूपबंद असताना गेला असेल तर आतली माहिती बरीचशी सुरक्षित असते. अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीपासून बाजारात येणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये आतला साठा सांकेतिक रूपात ठेवणे बंधनकारक आहे आणि आयफोनमध्ये ही सोय त्याहून जुनी आहे. योग्य आकडा मिळाल्याशिवाय फोटो, संदेश, कागदपत्रे वाचता येत नाहीत. साधा भुरटा चोर त्या वाटेला जातही नाही. तो सिमचा खण उघडतो. सिम काढून हजार रुपयांच्या बटणाच्या फोनमध्ये घातले की मालकाचे सारे ओटीपी तिथे येऊ लागतात. मेमरी कार्ड असेल तर तेही बहुधा त्याच खणात असते आणि त्यावरचे फोटो बहुधा कोणत्याही संगणकावर उघडतात.

सिमबरोबर डेबिट कार्डही हाती लागले तर मामला फार वाईट. फोनच्या कव्हरमध्ये, पाठीमागच्या कप्प्यात एटीएम कार्ड ठेवण्याची सवय अनेकांना असते. यूपीआयचा नवा पिन तयार करायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि नंबरवर आलेला ओटीपी, बहुतेकदा एवढेच लागते. जुना पिन विचारलाच जात नाही. चोरलेले सिम दुसऱ्या स्मार्टफोनमध्ये घालून त्यावर नवे यूपीआय ॲप सुरू करायचे आणि कव्हरमधले कार्ड पाहून नवा पिन टाकायचा, एवढ्यात खाते मोकळे होते. फोन उघडा असताना हिसकावला गेला आणि गॅलरीत कार्डाचा फोटो असला, तरी परिणाम तोच. संपर्कयादीत ‘एटीएम’ या नावाने चार आकडे लिहून ठेवणे तर चोराच्या हाती पैसेच देणे आहे.

आता कामांचा क्रम. पहिले काम फोनला दुरून कुलूप घालण्याचे, आणि ते सिम बंद करण्याच्या आधीचे आहे. दुरून पाठवलेली आज्ञा फोनपर्यंत इंटरनेटवरूनच पोचते. सिम बंद झाले की फोनचा मोबाइल डेटाही बंद पडतो आणि मग तो कुठल्या तरी वायफायला जोडला जाईपर्यंत आज्ञा अडकून राहते. शेजारच्या कोणाचाही फोन घेऊन अँड्रॉइड डॉट कॉम स्लॅश लॉक या पत्त्यावर स्वतःचा नंबर टाकला की स्क्रीन बंद होते. पासवर्ड आठवण्याची गरज पडत नाही. मात्र रिमोट लॉक नावाची ही सोय फोनच्या सेटिंगमध्ये आधीच चालू केलेली असावी लागते. ती नसेल तर गुगलच्या फाइंड हब या सेवेत खात्याचा पासवर्ड टाकून फोन बंद करता येतो, त्याची जागा पाहता येते आणि आतला मजकूर पुसताही येतो. आयफोनसाठी आयक्लाउडच्या ‘फाइंड’ पानावर लॉस्ट मोडची सोय आहे. तिथे प्रवेश करताना दुसऱ्या फोनवरचा कोड मागितला जात नाही. ज्याचा एकुलता एक फोन गेला आहे त्याला हाच आधार.

मजकूर पुसण्याची घाई मात्र करू नये. पुसल्यावर अँड्रॉइड फोनची जागा दिसेनाशी होते आणि मेमरी कार्ड पुसले जाईलच याची खात्री नसते. स्क्रीनला भक्कम आकडा असेल तर आधी कुलूप आणि फोन परत मिळण्याची आशा संपल्यावर पुसणे, हा क्रम बरा. फोन उघडा असताना हिसकावला असेल, किंवा आत रुग्णांची, अशिलांची, विद्यार्थ्यांची कागदपत्रे असतील, तर थांबू नये. फोनपेक्षा त्या लोकांचा विश्वास मोलाचा आहे.

दूरस्थ कुलपासाठी चार-पाच मिनिटे द्यावीत. तेवढ्यात जमले नाही तर तो नाद सोडून सिम बंद करावे. सिम कंपनीच्या ग्राहक सेवेला कोणत्याही फोनवरून सांगता येते. त्यानंतर लगेच बँक. कार्ड, नेट बँकिंग, मोबाइल बँकिंग आणि यूपीआय या चारही गोष्टी बंद करायला स्पष्ट शब्दांत सांगावे, कारण कार्ड बंद केल्याने यूपीआय आपोआप बंद होत नाही. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून घ्यावी. यूपीआय लाइटमध्ये ठेवलेली रक्कम खर्च करायला पिन लागत नाही, तेव्हा ती खिशातल्या रोकडीसारखी समजावी आणि थोडीच ठेवावी.

वेळ लिहून घेण्याला पक्के कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील, तर बँकेला कळवण्यापूर्वीचे नुकसान ग्राहकाचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा व्यवहारात, बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले तर ग्राहकावर काहीच भार येत नाही. तक्रार आल्यावर दहा कामकाजी दिवसांत बँकेने ती रक्कम खात्यात दाखवायची असते. पैसे गेल्याचे दिसले तर एक-नऊ-तीन-शून्य, म्हणजे १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवरही त्याच वेळी फोन करावा. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात फिरत असते आणि ती वाटेत गोठवायला तास नव्हे, मिनिटे महत्त्वाची असतात.

मग ई-मेल. इतर बहुतेक खात्यांचे विसरलेले पासवर्ड ई-मेलवरूनच बदलता येतात, शिवाय गुगल खात्यात इतर पासवर्डही साठवलेले असतात. दुसऱ्या संगणकावरून पासवर्ड बदलून उपकरणांच्या यादीतून चोरीचा फोन काढून टाकावा. आयफोनच्या बाबतीत मात्र फोन ‘फाइंड माय’ यादीतून काढू नये, कारण यादीत असेपर्यंत तो दुसऱ्या कोणाला स्वतःच्या नावाने चालू करता येत नाही. काही दिवसांनी ‘तुमचा फोन सापडला, इथे लॉगिन करा’ असा दुवा येतो, कधी पोलीस असल्याचे सांगून ओटीपी मागणारा फोन येतो. हे बहुधा चोराच्याच टोळीचे काम असते. मालकाकडूनच कुलूप काढून घेण्याची ही शेवटची खटपट.

नव्या सिमवर व्हॉट्सॲप नोंदवले की जुन्या फोनवरचे बंद पडते. दरम्यान नातेवाइकांना आणि गटांना दुसऱ्या नंबरवरून कळवणे गरजेचे आहे. मुलाच्या नावाने ‘आई, लगेच पैसे पाठव’ असा संदेश आला, तर वरोऱ्याला किंवा काटोलला बसलेली आई शंका घेत नाही.

डुप्लिकेट सिम ओळखपत्र दाखवून कंपनीच्या दुकानातून मिळते, पण ते चालू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत आणि जातही नाहीत. फसवणुकीने दुसऱ्याचे सिम काढणाऱ्याला ओटीपी मिळू नये म्हणून दूरसंचार विभागाने ही अट घातली आहे. त्याच हेतूने १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. नव्या सिमवर ओटीपी आला नाही म्हणून घाबरून जाऊ नये. एक दिवस कळ काढावी लागते.

पोलीस तक्रारीत एका शब्दाने फरक पडतो. ठाण्यात अनेकदा ‘मोबाइल गहाळ’ अशी नोंद होते. गहाळ होणे हा गुन्हा नाही, चोरी हा आहे. भारतीय न्याय संहितेत चोरीसाठी कलम ३०३ आणि हिसकावण्यासाठी कलम ३०४ आहे. फोन चोरला गेला असेल तर तक्रारीत तसेच लिहावे आणि गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे घटना कोणत्याही हद्दीतली असली तरी कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. ती ऑनलाइन दिली, तर तीन दिवसांत सही करावी लागते. इटारसीजवळ गाडीत फोन गेलेल्या प्रवाशाला नागपूर स्थानकावर उतरून लोहमार्ग पोलिसांकडे तक्रार देता येते. रेल्वेच्या १३९ क्रमांकावरही कळवता येते. रेल्वे सुरक्षा दलही २०२५ पासून चोरीचे फोन बंद करण्याच्या केंद्रीय नोंदवहीशी जोडले गेले आहे.

या नोंदवहीचे नाव सीईआयआर. प्रत्येक फोनला १५ आकड्यांचा आयएमईआय क्रमांक असतो, दोन सिमच्या फोनला दोन. सीईआयआरमध्ये तो काळ्या यादीत गेला की देशातल्या एकाही कंपनीच्या नेटवर्कवर फोन चालत नाही. या यंत्रणेची सुरुवात सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातून झाली आणि १७ मे २०२३ पासून ती देशभर लागू आहे. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर पोलीस तक्रारीची प्रत, आयएमईआय, खरेदीचे बिल आणि ओळखपत्र दिल्यावर २४ तासांत फोन बंद होतो. अर्ज करताना नव्या सिमवर ओटीपी येतो, म्हणून वर सांगितलेला एक दिवस इथेही मोजावा. पुढे त्या फोनमध्ये कोणी सिम घातले की त्याचा माग पोलिसांना कळतो. नागपुरातली पोलीस ठाणी अधूनमधून नागरिकांना फोन परत करतात ते याच मार्गाने. फोन हाती असताना स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की आयएमईआय दिसतो. तो आजच घरातल्या वहीत लिहून ठेवावा, कारण फोनचा खोका आणि बिल ऐनवेळी क्वचितच सापडते.

सीईआयआरबद्दल एक गैरसमज आहे. ही यंत्रणा फोनचे नेटवर्क बंद करते, आतली माहिती पुसत नाही, आणि वायफायवर तो फोन चालूच राहतो. खाती वाचवण्याचे काम तिच्यावर सोपवता येत नाही. संचार साथीचे ॲपही आहे, पण त्याची सक्ती नाही. प्रत्येक नव्या फोनमध्ये ते आधीच घालून देण्याचा आदेश नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस निघाला होता. खासगीपणाच्या मुद्द्यावर आक्षेप आले आणि ३ डिसेंबरला तो मागे घेतला गेला. हे योग्यच झाले. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला आहे. चोरापासून माहिती वाचवणारे साधन मालकाने स्वतःहून घेतलेले असावे.

महिनाभराने संचार साथीवर आपल्या नावावर किती सिम आहेत हे पाहावे. ओळखपत्राचे फोटो चोराच्या हाती पडले असतील, तर अनोळखी नंबर तिथे दिसेल आणि तिथूनच त्याची तक्रार करता येईल. जुना फोन विकत घेणाऱ्यानेही त्याचा आयएमईआय केवायएम या अक्षरांपुढे लिहून १४४२२ वर पाठवावा. फोन काळ्या यादीत आहे का, हे उत्तरात कळते. चोरीचा फोन जाणूनबुजून घेणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ब खाली गुन्हा आहे.

फोन परत मिळालाच तर पोलिसांना कळवून सीईआयआरवर तो पुन्हा चालू करण्याचा अर्ज करावा लागतो. तोवर सिम घालूनही नेटवर्क येत नाही. मधल्या काळात त्यात कोणी काय टाकले असेल ते बाहेरून दिसत नाही, म्हणून हाती आल्यावर आधी तो पूर्ण पुसावा आणि मगच त्यात सिम घालून खाती उघडावीत.