दीड किलोचं घर

मनालीहून लेहला सायकलने निघालो, तेव्हा सोबत गाडी नव्हती. कपडे, भांडी, स्टोव्ह, शिधा, सगळं सायकलवरच लादलेलं. त्यात एका माणसाचा तंबू होता, दीड किलोचा. 'रस्त्यात ढाबे असतात, मग हे ओझं कशाला?' असं बऱ्याच जणांनी विचारलं.

ढाबे असतात, हे खरं. उन्हाळ्यात झिंगझिंगबार, सरचू, पांग इथे जेवण आणि अंथरूण मिळतं. पण ढाबे आपल्या सोयीच्या उंचीवर नसतात. जिस्पा साधारण 3,200 मीटरवर आहे आणि झिंगझिंगबार त्याहून सुमारे हजार मीटर उंच. तीन हजार मीटरच्या पुढे रोजचा मुक्काम पाचशे मीटरहून फार चढवू नये, असं डॉक्टर सांगतात. विरळ हवेची शरीराला सवय व्हायला वेळ लागतो. तंबू जवळ असल्यामुळे मी मध्ये पाटसिओजवळ थांबू शकलो आणि ती चढण दोन दिवसांत वाटली गेली. माझ्या दृष्टीने तंबूचा खरा उपयोग हाच.

त्याच्याही काही अटी असतात. लडाखात दुपारनंतर वारा जोर धरतो. तंबूची निमुळती बाजू वाऱ्याकडे करायची. खडकाळ जमिनीत खुंट्या शिरत नाहीत, तिथे दोऱ्या मोठ्या दगडांना बांधायच्या. कोरडा ओढा सपाट दिसतो, पण तिथे तंबू ठोकायचा नाही. दुपारच्या उन्हाने वर बर्फ वितळतं आणि संध्याकाळपर्यंत ओढ्याला पाणी येतं.

थंडी वाजते म्हणून तंबूची चेन पूर्ण लावून घेण्याचा मोह होतो. पण आपल्याच श्वासातली वाफ थंड कापडावर जमते, पहाटे गोठते आणि हात लागला की अंगावर झडते. पिसांची स्लीपिंग बॅग भिजली की तिची ऊब गेली. त्यामुळे चेन वीतभर उघडी ठेवायची आणि दुपारी उन्हात तंबू वाळवून घ्यायचा. आत स्टोव्ह तर कधीच पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

आणि एक गोष्ट तंबूला जमत नाही. तो वारा अडवतो, पाऊस अडवतो. पण डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या, चालताना तोल जाऊ लागला, तर 'अरे, तुला बरं दिसत नाही,' असं म्हणायला आत दुसरं कोणी नसतं. एकट्याच्या तंबूचा हा खरा धोका. म्हणून मी एक नियम पाळला. अंगात जरा कसर वाटली, की त्या रात्री तंबू बांधलेलाच ठेवायचा आणि ढाब्यावर माणसांत झोपायचं. दुखणं वाढलं, तर उजाडण्याची वाट न बघता मिळेल त्या वाहनाने खाली उतरायचं.

तंबूने मला कुठे थांबायचं याचं स्वातंत्र्य दिलं. एकट्याने कधी थांबायचं नाही, हे मात्र माझं मलाच ठरवावं लागलं.