निरंक

ज्याने आयुष्याची तीस-बत्तीस वर्षे हिशेबाच्या खात्यात, लाल फितीने बांधलेल्या दफ्तरांच्या सान्निध्यात काढली, त्याच्या जिभेवर काही शब्द असे मुक्काम ठोकून बसतात की निवृत्तिवेतनाबरोबर तेही त्याला जन्मभर मिळत राहतात. माझ्यापुरता असा शब्द म्हणजे 'निरंक'. महिनाअखेरीस ज्या रकान्यात भरण्याजोगे काहीच नसे, तो कोरा सोडण्याची मुभा आम्हांला नव्हती. तेथे 'निरंक' लिहून खाली सही करावी लागे. कारण कोरा रकाना म्हणजे कारकून झोपला होता, आणि निरंक म्हणजे कारकुनाने पाहिले व पाहूनही त्यास काही आढळले नाही, हा भेद आमच्या वरिष्ठांनी मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात नीट समजावून दिला होता. हा शब्द उतारवयात पुन्हा माझ्या कामी येईल, आणि तोही मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर (आता चेन्नई म्हणावयाचे, पण जुन्या जिभेला वळण लागत नाही) रात्री दोनच्या सुमारास, असे कोणी सांगितले असते, तर मी त्याला वेड्यात काढले असते.

येथे 'स्टुडंट्स सी टर्टल कॉन्झर्व्हेशन नेटवर्क' या नावाची एक संस्था आहे. नाव लांबलचक खरे, पण त्यातला 'स्टुडंट्स' हा पहिला शब्द शोभेचा नाही. 1988 सालापासून दर हंगामात, जानेवारी लागला की मार्च सरेपर्यंत, कॉलेजातली मुले-मुली आणि त्यांच्यात मिसळलेली काही नोकरदार मंडळी, नीलांगरैपासून बेझंटनगरपर्यंतचा सुमारे सात किलोमीटरांचा किनारा रात्री पायी तुडवितात. त्यांना शोध असतो तो 'ऑलिव्ह रिडले' जातीच्या कासवाच्या माद्यांचा, ज्या याच दिवसांत अंडी घालण्यासाठी रात्री वाळूवर चढतात. शुक्रवारी-शनिवारी सर्वसाधारण नागरिकांनाही बरोबर नेण्याची प्रथा आहे. मी पहिल्यांदा गेलो तो अशाच एका शनिवारी, पुतण्याच्या आग्रहास्तव, आणि खरे सांगावयाचे तर एखादा तमाशा पाहावयास जावे तशाच बुद्धीने. त्या रात्री आम्हांला कासव दिसले नाही. पाय मात्र असे भरून आले की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागला. तरीही पुढच्या आठवड्यात मी पुन्हा का गेलो, याचे समाधानकारक उत्तर अद्याप मला सापडलेले नाही.

चौथ्या की पाचव्या खेपेस ती खूण दृष्टीस पडली. भरतीरेषेपासून वर चढत गेलेला, दोन-अडीच फूट रुंदीचा, दोन्ही कडांना एकाआड एक उमटलेल्या वल्ह्यांसारख्या पायांच्या ठशांचा पट्टा, आणि थोड्या अंतरावर तसाच दुसरा, खाली पाण्याकडे परतलेला. मादी येऊन गेली होती. दोन्ही पट्टे जेथे मिळतात तेथली वाळू विस्कटलेली असते, कारण अंडी पुरल्यावर ती मादी सर्व अंगाचा भार एकदा या बाजूस, एकदा त्या बाजूस टाकीत वाळू धोपटून घट्ट करते. आमच्यातील एका अनुभवी मुलाने काठीने हळूहळू चाचपीत भुसभुशीत जागा हेरली आणि मग पालथे पडून, खांद्यापर्यंत हात आत घालून, तो एकेक अंडे बाहेर काढू लागला. ते घरटे म्हणजे अरुंद मानेची, खाली फुगत गेलेली, दीड फूट खोलीची जणू सुरईच. अंडी पिंगपाँगच्या चेंडूएवढी आणि तशीच पांढरी. पण कवच टणक नव्हे, बोटाने दाबल्यास किंचित दबणारे. मी मोजणीस बसलो, कारण मोजणे एवढेच मला येत होते. शंभराच्या वर गेली.

ती सर्व अंडी पिशवीत भरून किनाऱ्यावरील कुंपणात न्यावयाची, आणि न्यावयाची तीही काही तासांच्या आत. कारण त्यानंतर आतला गर्भ कवचाला चिकटू लागतो आणि मग हिसका बसला किंवा अंडे उलटले तर तो दगावतो. कुंपणात हातानेच तशीच सुरई पुन्हा कोरतात, तेवढ्याच खोलीची, आणि ती भरून तारखेची पाटी लावतात. पुढे पंचेचाळीस ते पंचावन्न दिवस वाळूची ऊब काय करावयाचे ते करते. त्या ऊबेवरच पिल्लू नर की मादी हेही ठरते. वाळू अधिक तापली तर माद्या, कमी तापली तर नर. हे ऐकल्यावर आमच्यातील एक गृहस्थ म्हणाले की निसर्गाने हे खाते भलत्याच कारकुनाकडे सोपविले आहे. मी काही बोललो नाही.

आता कोणी विचारील की मुळात हे स्थलांतर कशासाठी, आणि हा प्रश्न गैर नाही. अंडी जेथे घातली तेथेच राहावीत हे उत्तम, असे हे कार्यकर्तेही मानतात. परंतु कुत्री घरटी उकरतात, माणसेही पूर्वी उकरीत. आणि त्याहून वाईट म्हणजे रस्त्यावरचे दिवे. वाळूतून वर आलेले पिल्लू जिकडे क्षितिज उजळ दिसेल तिकडे धावते. लक्षावधी वर्षे ते क्षितिज म्हणजे तारकांच्या प्रकाशातला समुद्र होता, आता ते बेझंटनगरचे खांबावरचे दिवे झाले आहेत. तेव्हा हे कुंपण म्हणजे काही विजयस्तंभ नव्हे. या शहराने आपल्या किनाऱ्याशी जो व्यवहार केला त्यातली ती एक कबुली आहे. हंगामात रात्रीचे दिवे मालवावेत म्हणून ही मंडळी महापालिकेकडे अर्जावर अर्ज करीत आली आहेत. माझ्या मते त्या अर्जांचे मोल घरट्यांइतकेच आहे, पण ते पाहावयास शनिवारी कोणी येत नाही.

ही परंपरा आजची नव्हे. 1970 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, येथील गिंडीच्या सर्पोद्यानाभोवती सर्पतज्ज्ञ रॉम्युलस व्हिटेकर यांनी जी तरुण मंडळी गोळा केली, त्यांनीच या किनाऱ्यावर रात्री फिरण्याचा पायंडा पाडला. सतीश भास्कर हे त्यांतलेच, आय.आय.टी.तील शिक्षणापेक्षा समुद्राची ओढ अधिक असलेला हा माणूस पुढे भारताच्या किनाऱ्यांवर हजारो किलोमीटर कासवांच्या शोधात चालला. 1982 च्या पावसाळ्यात ते लक्षद्वीपमधील सुहेली या निर्मनुष्य बेटावर महिनोन्‌महिने एकटे राहिले, आणि तेथून पत्नीस लिहिलेले पत्र त्यांनी बाटलीत घालून समुद्रात सोडले. ती बाटली चोवीस दिवसांनी श्रीलंकेत एका कोळ्याच्या हाती लागली आणि त्या भल्या माणसाने पत्र टपालात टाकले! आमच्या खात्यात एका टेबलावरून शेजारच्या टेबलावर कागद जावयास याहून अधिक अवधी लागे.

वनखात्याने येथे चालविलेले कुंपण 1987 च्या सुमारास बंद झाले, तेव्हा ते काम विद्यार्थ्यांनी अंगावर घेतले. मुशाहिरा नाही, सनद नाही, हजेरीपट नाही. मुले शिकून परगावी जातात आणि त्यांच्या जागी दुसरी येतात. महाराष्ट्रातील श्रोत्यांना या ठिकाणी रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास आठवेल. नाना फडणवीसांच्या या गावी चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने 2002 पासून कासवांच्या घरट्यांचे रक्षण आरंभिले, आणि पुढे तेथे भरू लागलेल्या कासव महोत्सवामुळे पाहुण्यांची वर्दळ होऊन गावकऱ्यांच्या चुलींनाही चार लाकडे अधिक मिळाली. वेळासला घरटे गावाचे असते. चेन्नईच्या वाळूला गाव नाही. मासेमारांचे कुप्पम, म्हणजे वस्त्या, तेवढे आहेत, आणि त्यांच्या पाठीमागे लाखो माणसांचे शहर, ज्यातील बहुतेकांना पावलापाशी काय चालले आहे याची वार्ता नाही. देवळात गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला नमस्कार करून आपण पुढे सरकतो. जिवंत कासवाच्या वाटेला आपल्यापैकी किती गेले असतील?

मी या मंडळींच्या उपयोगी पडलो तो नोंदवहीपायी. प्रत्येक रात्रीची तारीख, वेळ, ठिकाण, घरटे असल्यास अंड्यांची संख्या, आणि शेवटच्या रकान्यात मेलेली कासवे. बहुतेक रात्री घरट्याच्या रकान्यात काहीच नसे. नवी मुले तो कोरा सोडीत, आणि मग महिन्याभराने कोणालाच सांगता येत नसे की त्या रात्री घरटे नव्हते की फेरीच झाली नव्हती. मी त्यांना माझ्या वरिष्ठांचा तो धडा दिला. एरवी कोणी मला गुरू केले असते असे वाटत नाही.

2025 च्या जानेवारीत मात्र वहीचा शेवटचा रकाना कोरा राहण्याचा प्रश्नच आला नाही. चेन्नई व तिच्या लगतच्या किनाऱ्यावर थोड्याच आठवड्यांत हजाराहून अधिक मृत कासवे वाहून आली. कासव पाण्यात राहते, पण श्वासासाठी त्याला वर यावे लागते. ट्रॉलरच्या जाळ्यात ते अडकले आणि जाळे लवकर वर ओढले गेले नाही, तर ते चक्क बुडून मरते. किनाऱ्यापासून पाच सागरी मैलांच्या आत ट्रॉलरांनी जाळे टाकू नये असा तामिळनाडूत 1983 च्या कायद्यान्वये निर्बंध आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली, वृत्तपत्रांतून रकानेच्या रकाने भरून आले. पण जे प्रेत काल मोजले ते आज पुन्हा मोजले जाऊ नये म्हणून त्याच्यावर खूण करणे, सुजलेल्या डोळ्यांचे ते धूड ओलांडून पुढच्याकडे जाणे आणि वहीत आकडा वाढविणे, हे काम रात्री त्याच मुलांनी केले. एका पहाटे माझ्या पुढे चालणारी मुलगी वाळूत बसली व काही वेळ उठली नाही. तिला काय म्हणावे ते मला सुचले नाही. मी वही धरून उभा राहिलो.

त्याच हंगामाच्या अखेरच्या आठवड्यातली गोष्ट. पहाटेचे चार वाजून गेले होते, आम्ही ऊरूर-ऑल्कॉट कुप्पमजवळ पोहोचलो होतो, आणि नावा पाण्यात लोटणाऱ्या मासेमारांचे आवाज कानी येत होते. रात्रभरात घरटे नाही, खूण नाही. प्रेतही नाही, जे त्या वर्षी थोडे नव्हते. वही इंग्रजीत असते, पण झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी मी दोन्ही रकान्यांत सवयीने देवनागरीतच 'निरंक' लिहून गेलो. त्याच मुलीने विजेरी जवळ धरून विचारले की हे काय लिहिले. मी तिला शब्दाचा अर्थ सांगितला. झोपलेला कारकून आणि जागा कारकून यांचा किस्साही सांगितला. तिने तो शांतपणे ऐकून घेतला आणि वही माझ्यापुढे सरकविली.

"मग खाली सही करा, सर," ती म्हणाली.