चढतंय की तुंबलंय?



पावसाळ्यात उंब्रजच्या माणसाला बाहेरगावाहून फोन आला, की ख्यालीखुशाली बाजूला राहते. पहिला प्रश्न येतो, "पाणी कसं आहे? चढतंय की तुंबलंय?" नवख्याला दोन्ही सारखंच वाटेल. पण आमचं गाव कृष्णा आणि तारळीच्या संगमावर. इथं या दोन शब्दांवरून पुढची धावपळ ठरते.

चढणारं पाणी वरच्या पावसाचं. गढूळ, ओढीचं, ओंडके आणि पालापाचोळा घेऊन धावणारं. डोंगरातला पाऊस थांबला की तेही उतरणीला लागतं. तुंबलेल्या पाण्याची तऱ्हा वेगळी. कृष्णा फुगली की तारळीला पुढं वाट मिळत नाही आणि तिचं पाणी मागं सरतं. वरून ते शांत दिसतं. काटकी टाकली तर जागच्या जागी फिरत राहते. आवाज नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि पाणी ओढ्यानाल्यांतून उलटं चढत वस्तीच्या पाठीमागून येतं. कृष्णा उतरेपर्यंत ते हलत नाही. इंजिनिअर याला फुगवटा म्हणतात. जुन्या माणसाला तो ओळखायला एक काटकी पुरायची.

पाण्यासारखीच पावसाची नक्षत्रागणिक पडलेली नावं घ्या. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा, आश्लेषाचा आसळका. २२ जुलै २०२१ च्या रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आला, तेव्हा म्हातारा पाऊस चालू होता. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली बुडाली, ती आसळक्यात. यात नक्षत्रांची करामत नाही. मृगापासून दीड-दोन महिने पाणी पिऊन जमीन तोवर तट्ट झालेली असते, धरणं भरत आलेली असतात. त्यानंतर पडणाऱ्या पावसाला मुरायला जागाच उरत नाही. म्हणून तरण्यापेक्षा म्हाताऱ्याला जास्त भ्यायचं.

वाडवडिलांनी गावाचीही वाटणी केली होती. पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. पांढरी बहुधा उंचवट्यावर. नदीलगतची मळी पिकाला ठेवलेली. मळीत पाणी येणारच, गाळ टाकून जाणारच, हे धरूनच चालायचं. पुढं रस्ते झाले, बाजार वाढला आणि पांढरी सोडून घरं काळीत उतरली. आज पाटबंधारे खातं नकाशावर पंचवीस वर्षांतल्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतल्या पुराची लाल रेषा आखतं. काळी-पांढरीची शीव ही या रेषांचीच थोरली बहीण.

पण जुन्या माणसांचं सगळंच खरं, असं मी म्हणणार नाही. २०१९ मध्ये कृष्णाकाठच्या कितीतरी घरांतून एकच वाक्य ऐकू येत होतं, "२००५ ला इथवर आलं नव्हतं, आत्ता कसं येईल?" सांगलीला आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं, २००५ पेक्षा तीन-चार फूट जास्त. मागच्या पुराची खूण बघून थांबलेली माणसं त्या तीन-चार फुटांत अडकली. आठवणीनं वाचवायचं, तिनंच गाफील ठेवलं.

म्हणजे नुसती खूण पुरत नाही. पाणी कुठवर आलं याबरोबर ते कशामुळं आलं, हेही सांगावं लागतं. जपानमधल्या आनेयोशी या छोट्या गावात १९३३ च्या त्सुनामीनंतर लोकांनी एक शिळा उभारली. या दगडाच्या खाली घर बांधू नका, असा तिचा सांगावा. गावानं तो पाळला. २०११ ची लाट त्या दगडाच्या खालीच थांबली. तो दगड मागं काय झालं तेवढं सांगून थांबत नाही, पुढं काय करायचं तेही सांगतो.

आपल्याला तसंच करता येईल. मृगाच्या आधी एक शिवारफेरी काढा. म्हातारी माणसं पुढं, शाळेची पोरं वही घेऊन मागं. पाणी पहिल्यांदा कुठून शिरतं, कुठला ओढा बुजवलाय, हे लिहून घ्या. पुराची खूण रंगवाल तेव्हा वर्ष लिहाच, शिवाय त्या दिवशी धोम, कण्हेर, उरमोडी आणि तारळी धरणांतून किती क्युसेक पाणी सुटलं होतं, तेही लिहा. दोन-चार वर्षांत गावाचा स्वतःचा तक्ता तयार होईल. मग रेडिओवर विसर्गाचा आकडा ऐकला की तो कुणाच्या उंबऱ्याला लागणार, ते गावाला कळेल.

डोंगरातल्या वाड्यांनी वेगळ्या खुणा बघायच्या. घरामागं नवा उपळ फुटला, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, उतारावर भेग पडली, झाडं कलली, तर डोंगर सुटायला लागलाय असं समजा. सरकारी निरोपाची वाट बघत बसू नका. त्याच घटकेला बाहेर पडा आणि वाटेतून तलाठ्याला कळवा.

आणि पुढच्या वेळी फोनवर कुणी विचारलं, "चढतंय की तुंबलंय?", तर उत्तर द्यायला घरातल्या पोराला पाठवा. पाण्यात काटकी कशी टाकायची, ते मात्र त्याला आत्ताच, कोरड्या दिवसांत शिकवा.