लाकडी घराचा बाहेरचा कोपरा



पत्रिकेत आजचा विषय छापून आला तेव्हा दोघातिघांनी विचारलं, कोपऱ्यावर तासभर काय बोलणार? एकाने तर आपल्या घराचा नकाशाच आणून दाखवला आणि नैऋत्य कोपऱ्यात दोष आहे का, अशी पृच्छा केली. तो विषय माझा नाही. पण नैऋत्य कोपरा आज पुन्हा पुन्हा येणार आहे, कारण आपल्याकडे पाऊस तिकडून येतो. मृग महिनाभरावर आला आहे, तेव्हा बोलायला वेळ बरी आहे.

बेळगावला वर्षाला साधारण तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेला जांबोटी, कणकुंबीकडे गेलात की तो वाढत जातो, आणि आंबोलीला सात हजारांच्या घरात पोचतो. उत्तरेला निपाणीकडे मात्र बराच कमी. पण भिंतीच्या दृष्टीने पाऊस किती पडला यापेक्षा तो कसा पडला याला महत्त्व. सरळ पडणारा पाऊस वळचण झेलते. झड ती झेलू शकत नाही. वाऱ्याबरोबर तिरपा येणारा पाऊस भिंतीवर आपटतो आणि कोपऱ्यावर तो दोन अंगांनी आपटतो. शिवाय वारा भिंतीला अडून बाजूने निसटतो तेव्हा कोपऱ्यापाशी त्याचा वेग वाढतो. वादळात पहिली कौलं उडतात ती कोपऱ्याची आणि कडेची, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

आता लाकडाची बाजू. लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांची जुडी. फळीच्या सपाट अंगावरून पाणी ओघळून जातं, पण आडव्या कापलेल्या तोंडातून ते कित्येक पट वेगाने आत शिरतं. फळ्यांच्या भिंतीत ही कापलेली तोंडं येतात कुठे? नेमकी कोपऱ्यावर. दोन्ही भिंतींच्या आडव्या फळ्या तिथेच संपतात. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी लागत नाही. कुजण्यासाठी तो त्याच्या बराच वर जाऊन तिथे टिकून राहावा लागतो. ‘टिकून राहणं’ हा भाग लक्षात ठेवा. भिजलेलं लाकूड वाळलं तर काही बिघडत नाही. भिजलेलं आणि कोंडलेलं लाकूड जातं.

पूर्ण लाकडी घर आपल्या भागात फारसं बांधलं गेलं नाही. आपलं लाकूड आत असायचं. बेळगावच्या शहापुरातली जुनी घरं पाहा, निपाणीतला निपाणकरांचा वाडा पाहा. लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा आतून भार घेतो, बाहेरून दगडामातीची किंवा विटांची भिंत त्याला पांघरलेली. वाड्यांच्या कोपऱ्यावर घडीव दगड, एक लांब एक आखूड असे आलटून पालटून, म्हणजे दोन्ही भिंतींत सांधे गुंफले जातात. खांब मातीत पुरलेला नसतो, दगडी तळखड्यावर उभा असतो. जुन्या पेठांमध्ये वळणावरच्या घराच्या कोपऱ्याशी एक धोंडा रोवलेला असायचा, बैलगाडीच्या चाकाचा तुंबा भिंतीला घासू नये म्हणून. रस्ता रुंद करताना हे धोंडे पहिले गेले, आणि आता ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या त्या कोपऱ्यांचा हिशेब घेत आहेत.

या बांधणीत दुखणं व्हायचं ते तुळईच्या टोकाला. टोक भिंतीत घुसलेलं, भिंत बाहेरून ओली. निपाणीच्या तंबाखूच्या वखारी ज्यांनी आतून पाहिल्या आहेत त्यांना मोठाल्या लाकडी कैच्या आठवत असतील. कैचीचं टोक चुन्यात किंवा सिमेंटमध्ये घट्ट बसवलं की कुजण्याला तिथून सुरुवात. जाणता गवंडी टोकाला डांबर लावायचा, खाली सपाट दगड द्यायचा आणि बाजूने बोटभर पोकळी सोडायचा, हवा खेळावी म्हणून. निपाणीकडची काळी माती हा आणखी एक ताप. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. घराच्या कोपऱ्याखालची माती दोन बाजूंनी वाळते, म्हणून भिंतीची पहिली तिरपी भेग बहुधा कोपऱ्याजवळ पडते. आणि भेग पडली की पाणी आतल्या लाकडापर्यंत पोचलंच म्हणून समजा.

बेळगावच्या कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांनी वेगळी तोड काढली. चारी बाजूंनी व्हरांडा, त्यावर उतरतं छप्पर, म्हणजे घराचा खरा कोपरा पावसापासून आठ-दहा फूट आत गेला. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे मंगलोरी कौल या सगळ्या पट्ट्यात पसरलं. आपल्या खानापुरातही कौलांचे कारखाने निघाले. या छपरात कोपऱ्याचा भार कोनाच्या वाशावर येतो. दोन पाखी जिथे मिळतात त्या शिरेवरचे कोने सरकले, की पाणी थेट त्या वाशावर गळतं आणि वाशावरून खांबाच्या माथ्यात उतरतं. खाली उभं राहून ते दिसत नाही. व्हरांड्याचा कोपऱ्यातला खांब वरून काळा पडलेला दिसला तर खांबाला रंग देऊ नका, आधी माणूस छपरावर चढवा.

आणि चंदगड-खानापूरकडच्या झडी. पावसाआधी पश्चिमेच्या भिंतीला गवताची किंवा झावळ्यांची झडी बांधायची, कोपऱ्यावरून वळवून दुसऱ्या भिंतीवर हातभर न्यायची. दिवाळीपर्यंत ती कुजते, काढून टाकायची. भिंत कुजण्यापेक्षा झडी कुजलेली बरी. यातला हिशेब मला फार पटतो: जे बदलता येतं ते बाहेर ठेवायचं.

आता हा विषय आजच का निघाला, ते सांगतो. गेल्या काही वर्षांत चोर्ल्याच्या वाटेवर, खानापूरच्या जंगलाकडेला, आंबोलीच्या अलीकडे शेतघरं आणि पाहुण्यांसाठी लाकडी कॉटेजेस उभी राहू लागली आहेत. फळ्यांच्या भिंती, बऱ्याचदा बाहेरून आलेल्या पाइनच्या. छायाचित्रात फार सुंदर दिसतात. अशाच एका घराचा कोपरा मी पाहायला गेलो होतो. रंग चकचकीत, सांधा सिलिकॉनने बंद केलेला, वर पितळी रंगाचा अ‍ॅल्युमिनियमचा अँगल स्क्रूने आवळलेला. मालक म्हणाले, बाकी काही नाही, पावसाळ्यात जरा वास येतो. जोत्यापासून वीतभर उंचीवर मी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तळहाताने दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर टोकाला ओला, तपकिरी भुगा. रंगाचा पापुद्रा तेवढा शाबूत होता. अँगल काढल्यावर त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले, आणि तेव्हा पाऊस थांबून बरेच दिवस झाले होते.

त्या कोपऱ्याची कुणी आबाळ केलेली नव्हती, उलट लाड जास्त झाले होते. सुरुवातीला सुताराने दोन्ही फळ्या पंचेचाळीस अंशात कापून मिळवल्या होत्या. चौकटीत ही मिळवणी शोभते, बाहेरच्या कोपऱ्यावर नाही. कारण लाकूड हलतं. अगदी सागासारखं शांत लाकूड घ्या. त्याची आठ इंची फळी, ओलावा दहा टक्क्यांनी खालीवर झाला तर रुंदीत तीन-चार मिलिमीटर हलू शकते. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या वाऱ्यात सांधा उघडतो. वळवाचा पहिला पाऊस त्या फटीतून आत जातो. मग फट दिसली म्हणून सिलिकॉन. फळी पुन्हा हलते, सिलिकॉन एका बाजूने सुटतं, पाणी जायला केसाएवढी वाट होते. निघायला मात्र वाट नसते.

मग कोपरा करायचा कसा? कोपऱ्यातला खांब दगडावर, जमिनीपासून निदान दीड फूट वर. कारण पागोळ्यांचं पाणी जमिनीवर आपटून उडतं ते तेवढं चढतं. फळ्या लावण्याआधी खांबाभोवती डांबरी कागद किंवा जस्ताचा पत्रा कोपऱ्यावरून वळवून दोन्हीकडे वीतभर न्यायचा, मधे सांधा न ठेवता. पाणी फळीच्या मागे जाणारच असं धरून चालायचं. भिंतीच्या फळ्यांची तोंडं कोपऱ्यावर उघडी ठेवायची नाहीत. त्या कोपऱ्याच्या थोड्या अलीकडे थांबवायच्या आणि कोपऱ्यावर दोन उभ्या पट्ट्या द्यायच्या. एक रुंद, एक अरुंद. रुंद पट्टीने अरुंद पट्टीची कड झाकायची. आपल्याकडे रुंद पट्टी पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या अंगाला येऊ द्या, म्हणजे सांध्याची रेघ झडीच्या विरुद्ध बाजूला जाते. फळीचं तोंड आणि पट्टी यांच्यात पेन्सिल जाईल एवढी फट ठेवा. ती बुजवायची नाही. पट्टीचं खालचं टोक तिरपं कापा, बाहेरची कड खाली, म्हणजे थेंब तिथून सुटून पडतो, मागे ओढला जात नाही. ते टोक जोत्यावर टेकवू नका.

रंगाबद्दल लोक फार विचारतात. पट्टी भिंतीवर चढवण्याआधी तिची पाठ आणि दोन्ही तोंडं रंगवा, दर्शनी बाजूची घाई नाही. कापलेलं तोंड रंग पीत राहतं, पिईल तेवढा द्या. पट्टीची कड रंध्याने जरा गोल करा. तीक्ष्ण धारेवर रंग टिकत नाही, तिथे थर पातळ होतो आणि प्रथम तिथेच फुटतो. जाड ऑइलपेंटपेक्षा मला जवसाचं तेल बरं वाटतं. ते दर वर्षा-दोन वर्षांनी लावावं लागतं, पण पापुद्रा धरून आत काय चाललंय ते लपवत नाही. काजूच्या टरफलाचं तेल चंदगड भागात सहज मिळतं, वाळवीलाही ते मानवत नाही. मात्र हात भाजतात, हातमोजे घालून लावा. खिळे जस्ताचा मुलामा दिलेले किंवा स्टेनलेसचे घ्या. साध्या लोखंडी खिळ्याभोवती साग-ऐनासारखं लाकूड काळं पडतं.

थंड मुलखातल्या लोकांनीही हे सोसून शिकलेलं आहे. नॉर्वेतल्या सर्वांत जुन्या लाकडी चर्चचे खांब जमिनीत पुरलेले असत आणि ते कुजून गेले. पुढे त्यांनी दगडांवर आडव्या तुळया ठेवून त्यांवर कोपऱ्याचे खांब उभे केले. बाराव्या शतकातलं उर्नेसचं चर्च अजून उभं आहे. हिमाचलात काठकुणी बांधणीत देवदाराचे ओंडके आणि कोरडे दगड यांचे थर एकावर एक, आणि कोपऱ्यात दोन भिंतींचे ओंडके एकमेकांवर रचलेले. खाली दगडाचं उंच जोतं, वर रुंद छप्पर. जवळचं उदाहरण हवं तर पद्मनाभपुरम्‌चा राजवाडा. लाकडी जाळ्यांच्या भिंती, आणि छप्पर इतकं खाली उतरलेलं की कोपऱ्यावर सरळ पाऊस पोचत नाही. सीमाभागातल्या श्रोत्यांना सांगायला हरकत नाही, हा राजवाडा १९५६ पासून तमिळनाडूच्या हद्दीत आहे आणि त्याची देखभाल केरळचं पुरातत्त्व खातं करतं. देखभाल चालू राहते, एवढं आपण तिथून घ्यावं. बाकीचा विषय दुसऱ्या वक्त्याचा.

शेवटी, ज्यांचा कोपरा आधीच गेला आहे त्यांच्यासाठी. सगळा खांब बदलायची घाई करू नका. टोचून पाहत वर जा. जिथे लाकूड खणखणीत लागेल त्याच्या वर आणखी वीतभर जाऊन कापा. काप सपाट नको, तिरपा घ्या, आणि उतार बाहेरच्या अंगाला, म्हणजे सांध्यात पाणी आलं तरी आत वळणार नाही. नवा तुकडा त्याच जातीच्या, वाळलेल्या लाकडाचा. ओला तुकडा जोडलात तर उन्हाळ्यात सांधा उघडलाच. कापण्याआधी वरच्या तुळईला धीरा द्यायला विसरू नका. जोड खिळ्यांनी नको, बोल्टने. वीस-पंचवीस वर्षांनी कुणाला तरी तो पुन्हा सोडवावा लागणार आहे. आणि हे काम मे महिन्यातच उरका, कारण जूनमध्ये एकही सुतार फोन उचलत नाही.